सॉंग, सोंग आणि ढोंग

आमच्या शाळेतील आठवीच्या एका विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुट्टीत विमानांच्या चित्रांची चिकटवही तयार केली. रद्दीत मिळालेल्या इंग्रजी मासिकांतील चित्रे कापून त्याने ती नेटकेपणाने चिकटविली होती आणि प्रत्येकाखाली त्या त्या कंपनीचे नाव देवनागरीत लिहिले होते. एका चित्रात पांढऱ्या अंगाचे, हिरव्या शेपटीचे, लांब सडपातळ विमान होते. अंगावर रोमन लिपीतील चारच अक्षरे. त्याखाली मुलाने लिहिले होते, 'सोंग'. आम्ही सवयीप्रमाणे तांबडी शाई घेतली, मात्रा खोडली, तिच्या जागी अर्धचंद्र काढला आणि 'सॉंग' असे शुद्ध रूप करून दिले. वही परत करताना मात्र हात किंचित अडखळला. इंग्रजीत ज्याचा अर्थ गीत, त्याचा मुलाने मराठीत वेषांतर असा अर्थ करून ठेवला होता. लेखन चुकले होते खरे, पण चुकीने निघालेला अर्थ इतका नेमका लागू पडला होता की, आम्ही चूक सुधारली की एक चांगली टीका खोडून टाकली, हा प्रश्न पुढे कित्येक दिवस मनात राहिला.

वाङ्मयीन संस्थेच्या नियतकालिकात विमानाच्या रंगरूपाची समीक्षा कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. आमचे उत्तर इतकेच की, ज्या वस्तूला नाव आहे, वेष आहे आणि जी या दोहोंच्या योगे पाहणाऱ्यास काही सांगू पाहते, ती समीक्षेच्या कक्षेत येते. शिवाय विमानाच्या या वेषाला इंग्रजीत जो शब्द आहे तो फारच बोलका आहे. 'लिव्हरी' म्हणजे मुळात सरदाराने आपल्या पदरच्या चाकरांना द्यावयाचा पोशाख. हा माणूस कोणत्या घरचा, हे दुरूनही ओळखता यावे म्हणून तो द्यावयाचा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आमच्या वाचकांनी संस्थानी हुजऱ्यांचे पट्टे आणि पागोटी पाहिली नसली तरी वडीलधाऱ्यांकडून ऐकली असतील. तेव्हा घराण्याची ओळख पटविणे हे लिव्हरीचे मूळ कार्य होय. एखादे घराणे आपल्याच चाकरांना मुद्दाम असा पोशाख देऊ लागले की ते कोणाचे हे चटकन ध्यानी येऊ नये, तर तेथे समीक्षकाने थांबून पाहिले पाहिजे.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. हे विमान आम्ही प्रत्यक्ष पाहिलेले नाही. ज्या नाटकाचा प्रयोग पाहिला नाही त्यावर अभिप्राय देऊ नये, असे आम्हीच विद्यार्थ्यांना सांगत आलो आहोत. परंतु हे नाटक २००६ सालीच उतरले आहे. छायाचित्रे आणि छापील हकीकत यांवाचून दुसरे साधन उरलेले नाही.

हकीकत अशी. अमेरिकेतील 'डेल्टा' ही जुनी व मोठी विमान कंपनी. अटलांटा हे तिचे मुख्य ठाणे. फ्लोरिडाच्या समुद्रकिनाऱ्याकडे सुट्टीसाठी जाणारा प्रवासी स्वस्त कंपन्यांकडे वळू लागला, तेव्हा तिने १९९६ साली 'डेल्टा एक्स्प्रेस' नावाची एक स्वस्त शाखा काढली. पुढे २००० साली न्यूयॉर्कहून 'जेटब्लू' ही नवी कंपनी उडू लागली. कातड्याची आसने, प्रत्येकापुढे दूरदर्शनचा छोटा पडदा, आणि तरीही भाडे कमी. डेल्टा एक्स्प्रेस तिच्यापुढे जुनाट दिसू लागली. तेव्हा डेल्टाने ती गुंडाळावयाचे ठरविले आणि १५ एप्रिल २००३ रोजी न्यूयॉर्क ते फ्लोरिडातील वेस्ट पाम बीच या मार्गावर 'सॉंग'चे पहिले उड्डाण केले. बोइंग ७५७ जातीची विमाने, प्रत्येकात १९९ आसने, सर्व एकाच वर्गाची. आसनांचे रंग भडक आणि निरनिराळे. पुढ्यात पडदा, त्यावर उपग्रहाद्वारे दूरदर्शन, हवी ती गाणी निवडून ऐकण्याची सोय, आणि विमानातील इतर प्रवाशांशी चढाओढ करीत खेळावयाची प्रश्नोत्तरेसुद्धा. २००४ साली सेवकवर्गाला केट स्पेड या नामांकित वेषकर्तीच्या संस्थेने रेखाटलेले गणवेश मिळाले.

आता वेषाकडे वळू. डेल्टाचे निळे-तांबडे रंग मागे सारले गेले आणि त्यांच्या जागी कच्च्या लिंबाच्या सालीचा हिरवा रंग आला. आकाशात निळा रंग शहाणपणाचा, तांबडा अधिकाराचा. हिरवा रंग विमानांनी क्वचितच इतक्या मोकळेपणाने वापरला असेल. नाव लिहिले तेही लहान लिपीत. ज्यांच्या भाषेत विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे काढण्याचा दंडक आहे, त्यांनी तो मोडणे म्हणजे आम्ही बडे नाही असे सांगणे होय. आपल्या देवनागरीत लहानमोठी अक्षरे नसल्यामुळे ही नम्रता, किंवा नम्रतेचा अभिनय, आपल्याला सहज उमगत नाही. कंपन्यांची नावे बहुधा देशाची, दिशेची किंवा वेगाची असतात. येथे नाव आहे ते एका अनुभवाचे. विमान कंपनीने आपल्याला 'गीत' म्हणवून घ्यावे, यात कवित्वाचा अंश आहे हे आम्ही नाकारीत नाही. चिकटवहीतील त्या पानावर डोळा प्रथम ठरतो तो याच चित्रावर. निव्वळ चित्र म्हणून पाहता ही सजावट उत्तम आहे.

दोष आहे तो पुढे. कर्त्यांनी हा वेष रचताना मनाशी एक ग्राहक स्त्री कल्पिली होती. रसिक, काटकसरी, पण दर्जाची पारख असलेली, कुटुंबाच्या सहली आखणारी. कादंबरीकार ज्याप्रमाणे एक वाचक मनात धरून लिहितो तसे हे झाले, आणि त्यात वावगे काही नाही. पण त्या कल्पित नायिकेच्या मनाचे रंजन करता करता वस्तूच बाजूला पडली. आरंभीच्या जाहिरातींत आनंदी माणसे होती, उजेड होता, मोकळी हवा होती, विमान मात्र शोधावे लागे. न्यूयॉर्कच्या सोहो भागात या नावाचे दुकानही थाटण्यात आले. एखाद्या वाटसरूने तेथे आत डोकावून, येथे गाण्याच्या तबकड्या मिळतात काय, असे विचारले असते तर त्याला हसण्याचे कारण नव्हते. आपल्या अलंकारशास्त्रात अलंकार आणि अलंकार्य असा भेद करतात. शोभविणारे ते अलंकार, ज्याला शोभवावयाचे ते अलंकार्य. सॉंगच्या कर्त्यांनी अलंकार अतिशय मन लावून घडविले, पण ते कोणाच्या अंगावर घालावयाचे हे सांगण्याचा त्यांना संकोच वाटला. कारण अलंकार्य होती तीच जुनी डेल्टा. विमाने तिची, वैमानिक तिचे, उड्डाणाचा परवाना तिचा. कागदोपत्री सॉंग ही निराळी कंपनीच नव्हती. ते डेल्टाने घेतलेले एक रूप होते.

म्हणजे सोंगच. मुलाचा शब्द बरोबर होता.

मात्र येथे घाई करून चालणार नाही. 'सोंग' म्हटले की आजकाल आपण ते निंदेने म्हणतो, आणि निंदेसाठी आपल्याकडे 'ढोंग' हा निराळा शब्द असताना दोन्ही एकत्र करून टाकतो. सोंग आणि ढोंग यांत महदंतर आहे. बहुरूपी आठवडाभर गावात निरनिराळी रूपे घेऊन हिंडतो आणि अखेरच्या दिवशी आपल्या खऱ्या रूपात दारी येऊन बिदागी मागतो. फसविले म्हणून कोणी त्याच्यावर रागावत नाही. उलट फौजदाराचे रूप जितके हुबेहूब वठले असेल तितकी बिदागी वाढते. एकनाथांनी भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी अशी किती रूपे घेतली. त्यांतले कोणतेही ढोंग नव्हे.

आमचे आजोळ सावंतवाडीकडचे. लहानपणी जत्रेतील दशावतारी धयकाला आम्ही पहाटेपर्यंत जागून पाहत असू. देवळामागे कंदिलाच्या उजेडात नट आपले तोंड आपणच रंगवीत. आमच्या मामांच्या शेतावर चार दिवसांपूर्वी चिखलणी करून गेलेला मनुष्य डोळ्यांदेखत राजा होताना आम्ही पाहिला आहे. त्याच्या मुकुटाचा कागद कोठे फाटला आहे तेही दिसे. तरी तो रंगभूमीवर आला की त्याच्या शब्दाला वजन येई, कारण तेवढा वेळ तो राजाची जबाबदारी अंगावर घेई. उजाडले की तोच मनुष्य पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाच्या जत्रेला चालू लागे. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असे आमच्या तिकडे म्हणतात ते यावरूनच. सोंगाची कसोटी ही अशी आहे. आतला मनुष्य कोण हे लपविणे सोंगाला आवश्यक नसते. घेतलेले रूप वठविणे आवश्यक असते.

या कसोटीस सॉंग उतरते काय? आमच्या मते बरेचसे उतरते. पडदे खरे होते, आसने खरी होती, आणि नव्या वेषातला सेवकवर्ग हौसेने वागे अशीच त्याची ख्याती होती. त्यांनी हिरव्या रंगाला बाधा आणली नाही. जे रंगात कबूल केले ते आसनापर्यंत पोचविले. या दृष्टीने या प्रयोगाला ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल. डेल्टाने पुढे आसनापुढील पडद्यांची ती सोय आपल्या मूळच्या विमानांतही नेली, यावरून सोंगाने घेतलेले काही गुण अंगी मुरले असेच म्हणावे लागेल.

मग फसले कोठे? याचेही उत्तर आपल्या भाषेने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. स्वस्त कंपनीचा स्वस्तपणा रंगात नसतो. एकाच जातीची विमाने ठेवणे, ती जमिनीवर कमीत कमी वेळ उभी करणे, सेवकांच्या वेतनाची रचना मुळातच निराळी असणे, अशा न दिसणाऱ्या शंभर गोष्टींत तो असतो. सॉंगने त्यांतल्या काही साधू पाहिल्या. विमाने अधिक तास हवेत ठेवण्याचा प्रयत्न केला. पण आतील देह मोठ्या घराण्याचा, त्याचा खर्चही मोठ्या घराण्याचा. भाडे मात्र गरिबाघरचे. इंधन महाग होत गेले. १४ सप्टेंबर २००५ रोजी डेल्टाने दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागितले. त्याच ऑक्टोबरात सॉंग बंद करण्याचे जाहीर झाले आणि ३० एप्रिल २००६ हा तिचा शेवटचा दिवस ठरला. पुरती तीन वर्षे आणि वर पंधरा दिवस. नंतर त्या विमानांत पहिल्या वर्गाची आसने बसविण्यात आली आणि हिरवा रंग जाऊन पुन्हा डेल्टाचे रंग चढले.

रंगालाही वजन असते, हे जाता जाता सांगितले पाहिजे. मोठ्या विमानाच्या अंगावरील रंग काहीशे किलो भरतो, आणि तेवढे ओझे प्रत्येक उड्डाणाला इंधन जाळून वर न्यावे लागते. म्हणूनच काही कंपन्यांनी वर्षानुवर्षे आपली विमाने उघड्या धातूची ठेवली. सोंगाचा भार वाहावा लागतो, हे येथे अक्षरशः खरे आहे.

याच सुमारास इतरांनीही अशी रूपे घेतली. कॅनडाच्या राष्ट्रीय कंपनीने 'टँगो' व 'झिप' अशा दोन शाखा काढल्या आणि दोन्ही २००४ पर्यंत मिटविल्या. झिपची विमाने एकेक निराळ्या झगझगीत रंगाची असत, पण मुलांच्या खडूच्या पेटीपलीकडे त्या रंगांत आम्हांस काही आढळले नाही. 'युनायटेड'ने २००४ साली 'टेड' काढली. नाव म्हणजे मूळ नावाची शेवटची तीन अक्षरे. ती डेन्व्हर शहरात उडण्यापूर्वी टेड हा कोणी मनुष्य आहे अशी हवा मुद्दाम निर्माण करण्यात आली. ही शब्दांची कसरत आम्हांस सॉंगपेक्षा हिणकस वाटते. घराण्याचे नाव अर्धे कापून तेच टोपणनाव म्हणून मिरविणे, याला रूप घेणे म्हणत नाहीत. बहुरूप्याने केवळ पागोट्याचा शेमला तोंडावर ओढून आपण दुसराच आहोत असे सांगावे, तसला हा प्रकार. तीही जानेवारी २००९ मध्ये संपली. तथापि विमान रंगविणे हेच मुळात उथळ, असा निष्कर्ष कोणी काढू नये. 'ब्रॅनिफ' कंपनीसाठी १९७३ साली अलेक्झांडर काल्डर या थोर शिल्पकाराने एक अख्खे विमान रंगविले. तेथे रंग कोणाचे सोंग घेत नव्हता, तो चित्रकाराची सही घेऊन उडत होता. ब्रॅनिफ १९८२ साली बुडाली, पण त्या चित्राला तिचे कर्ज चिकटले नाही.

आपल्याकडील दोन उदाहरणे या संदर्भात आठवतात. एअर इंडियाने १९७१ साली आणलेल्या पहिल्या जंबो विमानाला 'एम्परर अशोक' हे नाव दिले आणि खिडक्यांभोवती तांबड्या रंगात झरोक्याच्या महिरपी काढल्या. खिडकीला खिडकीचाच अलंकार. यापरते औचित्य ते कोणते? तेथे अलंकार आणि अलंकार्य एकमेकांना पाहताच ओळखतात. १९८९ साली त्या कंपनीने पांढरे अंग, तांबडी शेपटी आणि तीवर सोनेरी चक्र अशी नवी सजावट सुरू केली, तेव्हा प्रवाशांनी कुरकुर केली व दोनएक वर्षांत महिरपी परत आल्या. कधी कधी सामान्य प्रेक्षक चांगला टीकाकार असतो.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आणि अधिक खेदाचे. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ साली, म्हणजे सॉंगच्याच वर्षी, 'एअर डेक्कन' सुरू केली आणि आर. के. लक्ष्मण यांचा 'सामान्य माणूस' हे तिचे बोधचिन्ह ठरविले. धोतर, चौकड्यांचा कोट, नाकावर उतरलेला चष्मा. विमानाच्या शिडीवर पाऊल न ठेवलेल्या लोकांना बोलावण्यासाठी याहून योग्य यजमान मिळाला नसता. पुढे २००७ साली किंगफिशरने ती कंपनी हाती घेतली आणि २००८ साली तिचे नाव 'किंगफिशर रेड' असे झाले. म्हणजे येथे सोंगाची दिशा उलटी. गरिबाला श्रीमंताचा अंगरखा चढविला. २०११ साली ही स्वस्त शाखा बंद करण्याचे जाहीर झाले आणि पुढच्याच वर्षी मूळ कंपनीही जमिनीवर आली. सामान्य माणूस त्या शिडीवरून नेमका कधी उतरला, हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

आमचे एक सहशिक्षक म्हणतात, एवढा विचार कशाला, ही सारी जाहिरातबाजी. आम्हांला ते पटत नाही, आणि न पटण्याचे कारण केवळ वाङ्मयीन नाही. या सीमाभागात मराठी माध्यमाच्या शाळेचा मुख्याध्यापक दर जून महिन्यात पट मोजतो तेव्हा त्याची काय अवस्था होते, हे येथील वाचकांस सांगावयास नको. आमच्या संस्थेच्या कार्यकारी मंडळापुढे सध्या एक प्रस्ताव आहे. इंग्रजी माध्यमाची नवी शाखा काढावी. तिला निराळे नाव असावे, आणि त्या नावात संस्थेचा उल्लेख नसावा, म्हणजे पालकांचा पूर्वग्रह आड येणार नाही. फलक निराळा, गणवेश निराळा. इमारत तीच, बाके तीच, शिक्षकही तेच.

प्रस्ताव मांडणारे गृहस्थ संस्थेचे शत्रू नाहीत. पट टिकला नाही तर मराठी तुकड्यांचेही दिवे मालवतील, हे त्यांचे म्हणणे खोटे ठरविणे आम्हांस जमलेले नाही. सभेत आम्ही एवढेच विचारले की, नव्या शाखेत पडदे कोणते असणार? प्रश्न कोणास कळला नाही, आणि चूक आमचीच होती. आमच्या मनात सॉंगची आसने होती. आम्हांस विचारावयाचे होते ते असे की, इंग्रजी चांगली शिकविणारा एक तरी नवा शिक्षक आपण नेमणार आहोत काय? ग्रंथालयात पन्नास तरी नवी पुस्तके येणार आहेत काय? की नवे म्हणून जे येईल ते कापडच? दुसऱ्यांदा नीट शब्दांत विचारले, तेव्हा खजिनदारांनी शिलकीचा आकडा वाचून दाखविला आणि विषय पुढील सभेवर गेला.

ही सभा येत्या शनिवारी आहे. गणवेशाच्या कापडाचे चार नमुने दुकानदाराने अभिप्रायासाठी आमच्याकडे पाठविले असून ते हे लिहीत असताना टेबलावर पडलेले आहेत. त्यांतला एक हिरवा आहे, आणि खरे सांगावयाचे तर चौघांत तोच डोळ्यांस बरा वाटतो.